बायकोच्या कार्डावरचे आजार

नागपुरात, हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत दोन डॉक्टर होते. एक कोपऱ्यावरचे, शिकलेले, पाटीवाले, संध्याकाळी सहा ते नऊ. दुसरा मी. मला पाटी नव्हती, शिक्षण वाणिज्य शाखेचं होतं, आणि वेळेचं बंधन असं काही नव्हतं. दार वाजलं की मी हजर. फी घेत नव्हतो, औषधही फुकट, त्यामुळे गर्दी माझ्याकडे जास्त. कोपऱ्यावरचे डॉक्टर रस्त्यात भेटले की मी जरा मान हलवायचो, एका व्यावसायिकाने दुसऱ्याकडे बघून हलवावी तशी. ते मला ओळखतसुद्धा नव्हते, हे फार उशिरा कळलं.

माझा दवाखाना म्हणजे संत्रा बर्फीचे चार रिकामे डबे. त्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: सर्दी-खोकला, पोट, कातडी आणि इतर. सरकारी खात्यात पस्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला वर्गवारीशिवाय चैन पडत नाही, आणि 'इतर' नावाची एक फाइल नसेल तर त्याचा जगावरचा विश्वास उडतो. डब्यांतला माल आमच्या खात्याच्या दवाखान्यातून यायचा. निवृत्त कर्मचाऱ्याला आणि त्याच्या बायकोला तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. दोघांची दोन कार्डं, आणि कॉम्प्युटरमध्ये दोघांच्या दोन वेगळ्या फायली.

निवृत्त झाल्यावर पहिलं वर्ष मला वाईट गेलं. पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी कुठून तरी घरी यायची सवय, आणि आता कुठे गेलेलोच नाही तर येणार कुठून? भाजी आणायला जायचो, पण भाजी बायकोला माझ्यापेक्षा चांगली कळते. मी आणलेली वांगी ती काही न बोलता उलटसुलट करून बघायची आणि बाजूला ठेवायची. असा सगळा रिकामा कारभार चालला असताना एक दिवस शेजारची सून कुंपणाजवळ आली.

"काकाजी, तुमच्या दवाखान्यात खाजेचं मलम भेटते का? घरात सगळ्याईले खाज सुटून राहिली."

"भेटते ना," मी म्हणालो. भेटतं की नाही हे मला माहीत नव्हतं. पण कोणीतरी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं, आणि अशा वेळी नाही म्हणणं मला नोकरीत जमलं असतं, निवृत्तीत जमलं नाही.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांपुढे बसलो आणि सांगितलं की माझ्या बायकोला खाज येते. मला येते असं सांगणं धोक्याचं होतं, कारण मी समोर होतो. दाखवा कुठे येते म्हणाले असते तर पंचाईत. जो पेशंट आलेलाच नाही त्याची खाज कोणी बघू शकत नाही.

"पेशंट कुठे आहे?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"घरी. गुडघे दुखतात, येणं होत नाही."

हे त्या दिवशी अर्धं खरं होतं, म्हणून अडखळलो नाही. डॉक्टरांनी मलम लिहिलं, मी ते खिडकीवरून घेतलं, शेजारच्या सुनेच्या हातात ठेवलं, आणि त्या संध्याकाळी चहा मला जरा गोड लागला. तिथून माझी प्रॅक्टिस सुरू झाली.

दूधवाल्याचा खोकला आला. समोरच्या निवृत्त मास्तरांची बद्धकोष्ठता आली. उमरेडहून मेहुण्याचा गॅस आला, तो फोनवर. शेजारच्या तान्ह्या बाळाच्या पोटदुखीचे थेंब आले. हे सगळे आजार मी दर महिन्याला एक यादी करून नेत होतो आणि बायकोच्या कार्डावर उतरवून आणत होतो. दवाखान्यातले डॉक्टर दर चार-सहा महिन्यांनी बदलायचे, त्यामुळे सलग कोणाच्या लक्षात येत नव्हतं. बायकोला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिच्या नावाने मी खोकत होतो, खाजवत होतो, आणि ती बिचारी घरी मेथी निवडत बसलेली असायची.

दवाखान्यात जायचं म्हणजे हुडकेश्वरहून शहराच्या दुसऱ्या टोकाला. उन्हाळ्यात मी सकाळी आठला लाइनीत लागायचो, डोक्याला पंचा, खिशात कांदा. लू लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात. त्याचा उपयोग होतो की नाही सांगता येत नाही, पण लाइनीत आपल्याजवळ कोणी फार चिकटून उभं राहत नाही. आधी डॉक्टरांची लाइन, मग औषधाच्या खिडकीची. घरी यायला दीड वाजायचा. बायको दार उघडायची, आधी पाण्याचा तांब्या, मग पन्हं. मी टेबलावर पिशवी ठेवायचो आणि एकेक पाकीट काढून काय कशावर आहे ते जाहीर करायचो. ती उभी राहून ऐकायची. मी पन्हं पिता पिता तिच्या वाटणीचं तिच्यापुढे सरकवायचो आणि बाकीचं डब्यांत लावायचो. घरी काहीतरी घेऊन येणं मला परत मिळालं होतं, आणि त्याचा आनंद मी लपवत नव्हतो.

तिच्या वाटणीचं म्हणजे तिचे खरे आजार. ती उमरेडच्या विणकरांच्या घरातली. लहानपणापासून जमिनीवर बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरल्या, आणि गुडघे तिथेच गेले असं तिचं म्हणणं. बोलते कमी. घरात दोन हातमागांचा दिवसभर खटखटाट, त्यात बोलून उपयोगच नसायचा, असं ती एकदा म्हणाली होती. मी तेव्हा हे तिच्या माहेरचं वैशिष्ट्य म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं.

मागच्या वर्षी जानेवारीच्या थंडीत तिचा उजवा गुडघा सुजला. तेव्हा मी तिला खरोखर दवाखान्यात नेलं. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या, दिवसातून दोन, पंधरा दिवस. पंधरा दिवसांनी मी एकटाच गेलो आणि गोळ्या वाढवून आणल्या. महिन्याने परत वाढवून आणल्या. सुरू असलेलं औषध बंद करायचं म्हणजे मंजूर झालेलं पद आपण होऊन सरकारला परत करायचं. आमच्या खात्यात असं कधी कोणी केलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी तिला जळजळ सुरू झाली. मी गुलाबी पातळ औषधाची बाटली आणली. ती संपली की दुसरी. पुढे ती लवकर दमायला लागली, तेव्हा मी ताकदीच्या लाल गोळ्या आणल्या. माझ्या देखरेखीखाली तिचे तिन्ही आजार व्यवस्थित चालले होते. एकही बंद पडला नव्हता.

आणि यंदा मार्चमध्ये दवाखान्याच्या खिडकीवर कागद लागला. किरकोळ तक्रारींसाठी, जी औषधं दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात, ती यापुढे लिहून दिली जाणार नाहीत. ती आपापली विकत घ्यावीत. खाली यादी होती. सर्दीचं औषध, खोकल्याचं सिरप, खाजेचं मलम, जळजळीचं पातळ औषध, ताकदीच्या गोळ्या, बाळाच्या पोटाचे थेंब. मी ती यादी तीनदा वाचली. कोणीतरी माझे बर्फीचे डबे उघडून पुढ्यात घेऊन बसलंय आणि फक्त माझं नाव लिहायला विसरलंय, असं वाटलं.

"हे नाई भेटत आता काकाजी," खिडकीतला माणूस म्हणाला. "दहा-वीस रुपयांच्या औषधासाठी लोकं दोन दोन घंटे लाइन लावतात, अन् जे खरे बिमार आहेत ते मागंच राहतात. मेडिकलमधून घ्या."

खरे बिमार हा शब्द मला झोंबला. मी मागे वळून बघितलं. मागे खरोखर एक बाई भिंतीला टेकून खाली बसली होती. पण माझं लक्ष कागदावर होतं.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. दूधवाला दोन दिवस माझ्या दारात थांबला आणि तिसऱ्या दिवशी खोकत पुढे गेला. मास्तरांनी इसबगोल विकत आणला आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्याची तारीफ केली. सगळ्यात वाईट म्हणजे शेजारची सून. तिने मेडिकलवाल्याला हात दाखवला, त्याने तिला सरळ कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि आठ दिवसांत घरातल्या सगळ्यांची खाज गेली.

"काकाजी, थे आपलं मलम नं, खाज वाढवणारंच होतं म्हणते डॉक्टर," तिने मला कुंपणावरून हसत सांगितलं. "वर्षभर आम्ही खाज पाळून राहिलो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

मी पेटलो. आयुष्यभर मसुदे लिहिलेला माणूस पेटला की काय करतो, अर्ज लिहितो. चार दिवस घालवून मी दोन पानांचा अर्ज तयार केला. माझा मुख्य मुद्दा असा होता की किरकोळ म्हणजे किती, हे कागदावर कुठेही सांगितलेलं नाही. एखाद्याची जळजळ किरकोळ आहे हे ठरवायचं कोणी? पुरावा म्हणून मी बायकोला जोडलं. सदर रुग्णास गेले वर्षभर जळजळ असून ती औषधाने तात्पुरती थांबते व पुन्हा होते. इतका दीर्घकाळ चालू असलेला आजार किरकोळ या सदरात कसा मोडू शकतो, याचा खुलासा व्हावा. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. एक हात सुपात होता आणि दुसरा पोटावर. वाक्य संपल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि परत सुपात बघितलं. मी समजलो, मसुदा पटला.

अर्ज घेऊन गेलो तेव्हा दवाखान्यात नवीन डॉक्टर आल्या होत्या. तरुण, केस घट्ट बांधलेल्या, टेबलावर थंड होत चाललेला चहा. मला वाटलं त्या कागद बाजूला ठेवतील. त्यांनी तो वाचला, दोन्ही पानं. पस्तीस वर्षांत माझा मसुदा शेवटपर्यंत वाचणारं हे पहिलं माणूस.

"काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "वर्षभराची जळजळ किरकोळ नाही. चार दिवसांची असती तर मी बाहेरून घ्या म्हटलं असतं. ही जुनी आहे. काकूंना घेऊन या."

"त्यांना गुडघ्यांमुळे..." मी सुरुवात केली.

"रिक्षाने आणा. त्यांना बघितल्याशिवाय मी आता काही लिहिणार नाही. आणि तोवर त्या दुखण्याच्या गोळ्या बंद ठेवा."

मी विजयी मुद्रेने घरी आलो. बायकोला सांगितलं की उद्या तुला यायचं आहे, आपली केस पक्की आहे. गोळ्या बंद ठेवण्याचं मात्र सांगायचं राहिलं, कारण मी केसचं सांगत होतो. आज हे लिहिताना हात थांबतो, पण त्या दिवशी तोंड थांबलं नाही हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी तिला स्कूटरवर मागे बसवून नेलं. मे महिना, सकाळचे साडेसात आणि ऊन दुपारचं. तिने तोंडाला ओढणी गुंडाळली होती आणि एका हाताने माझा खांदा धरला होता. दवाखान्याला सहा पायऱ्या आहेत. ती तिसऱ्या पायरीवर थांबली, कठडा धरून श्वास घेतला, मग पाचव्यावर थांबली. मी वर उभा राहून बघत होतो. आणि मी त्या क्षणी काय विचार करत होतो ते सांगितलंच पाहिजे. मी विचार करत होतो, बरं झालं, डॉक्टरांना दिसेल की पेशंट खरी आहे.

आत गेल्यावर डॉक्टरांनी बायकोला शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि कॉम्प्युटरमध्ये तिची फाइल उघडली. मग त्या बराच वेळ वाचत राहिल्या. एकदा त्यांनी कार्डावरचा नंबर पुन्हा बघितला.

"काकू, तुमचं वय बासष्ट ना?"

"हाव."

"तुम्हाला बाळाच्या पोटदुखीचे थेंब कशासाठी लागले?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. डॉक्टर वाचत गेल्या. कोरडा खोकला, ओला खोकला, गजकर्ण, जंत दोनदा, बद्धकोष्ठता, त्याच दिवशी जुलाब, मूळव्याध, घामोळं, तोंड येणं. स्वतःच्या नावाने एवढं सगळं झालेलं बायको पहिल्यांदाच ऐकत होती. ती प्रत्येक आजाराला हळूच मान हलवून नाही म्हणत होती, शाळेत हजेरी चालू असताना चुकीचं नाव आलं तर म्हणावं तसं. मूळव्याधीला तिने पदर तोंडाला लावला. ती हसत होती का लाजत होती मला कळलं नाही.

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "यातलं काकूंचं कुठलं?"

मला वाटलं होतं ओरडतील. कार्ड जप्त करतील, वर कळवतील. तसं करता येतं, हेही त्यांनी नंतर सांगितलं. पण त्या वेळी त्यांनी फक्त यादी छापली, कागद माझ्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. "जे त्यांचं नाही ते खोडा. मला वेळ कमी आहे, आणि यात मला त्या सापडत नाहीयेत."

मी खोडायला लागलो. हा दूधवाला. हे मास्तर. हा मेहुणा. हा मेहुण्याचा पोरगा. ही शेजारीण, ही शेजारीण, ही परत शेजारीण. दीड पान खोडलं. आयुष्यात इतक्या त्रुटी मी दुसऱ्याच्या फायलीत काढल्या होत्या, स्वतःच्या हाताने केलेल्या फायलीत पहिल्यांदाच काढत होतो. शेवटी कागदावर तीन ओळी उरल्या. दुखण्याच्या गोळ्या, गुलाबी औषध, लाल गोळ्या.

डॉक्टरांनी त्या तीन ओळी बघितल्या आणि खुर्ची बायकोकडे वळवली. "गुडघ्याच्या गोळ्या कशा घेता तुम्ही?"

"त्या पंधरा दिवसांसाठी..." मी म्हणालो.

"काका, त्यांना सांगू द्या."

"रोज दोन," बायको म्हणाली. "सकाळी एक, संध्याकाळी एक."

"आजही घेतली?"

"हाव. चहासंगं."

"अजून दुखतो गुडघा?"

"नाई. थो तर मागच्या वर्षीच्या होळीच्या आधीच बरा झाला."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "मग गोळ्या का घेत राहिलात?"

बायकोने पदराचं टोक सरळ केलं. मग तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "हे आणून राहिले नं. एवढ्या उन्हात लाइनीत उभं राहतात, घामानं भिजून येतात, अन् टेबलावर मांडून दाखवतात. फेकू कशा?"

मला आठवलं. त्या होळीच्या आसपास ती मला म्हणाली होती की गुडघा आता बरा आहे. मी पुढच्या खेपेची यादी करत होतो. नीट ऐकलं होतं मी, प्रत्येक शब्द. आणि म्हणालो होतो, "म्हणजे गोळी लागू पडली. चालू ठेवू." आणि यादीत तिच्या नावापुढे खूण केली होती.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मीही वाकून बघितली. आत लाल असायला हवं तिथे धुतलेल्या कापडासारखं पांढरं होतं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, शौचाला काळी होते का. महिनाभर होते, बायको म्हणाली, पण तिला वाटलं मी दिलेल्या लाल गोळ्यांनी होत असेल. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, आणि मीच ते तिला वाचून दाखवलं होतं. एका गोळीने पोटात घाव केला होता, औषधाच्या बाटलीने त्याची आग झाकली होती, आणि लाल गोळीने त्याचा रंग. एवढं सुसूत्र काम मी नोकरीत कधी केलं नव्हतं.

त्यानंतर दिवस भराभर गेला. डॉक्टरांनी फोन केला, अॅम्ब्युलन्स आली, मोठ्या दवाखान्यात दाखल केलं, रक्त चढवलं. नळी घालून बघितलं तर पोटात घाव होता आणि त्यातून थेंब थेंब रक्त जात होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर सांगता आलं नसतं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. खिशात कांदा होता. मला भीती वाटत होती, आणि लाजही वाटत होती, आणि दोन्ही एकाच वेळी वाटल्यावर माणूस कसा दिसतो ते मला समोरच्या काचेत दिसत होतं, म्हणून मी जागा बदलली. त्या खिडकीवरच्या कागदाविरुद्ध मी दोन पानं लिहिली होती. तो कागद लागला नसता तर मी बाटली घेऊन घरी गेलो असतो, टेबलावर ठेवली असती, आणि तिने ती प्यायली असती.

अर्जाचा निकाल तसा माझ्या बाजूने लागला. आजार किरकोळ नाही हे सिद्ध झालं.

पाचव्या दिवशी तिला घरी आणलं. शेजारची सून भाताची पेज घेऊन आली आणि तिच्याजवळ बसून गेली. मी बर्फीचे डबे रिकामे केले. अर्ध्या औषधांची तारीख उलटून गेली होती, 'इतर'मधल्या सगळ्यांचीच. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना विचारायला गेलो की ही सुरक्षितपणे कुठे टाकायची. मी रोज मान हलवतो तो शेजारी, अशी ओळख करून दिली तेव्हा ते म्हणाले, "अच्छा, तुम्हीच का ते?" त्यांच्याकडे माझ्या हातून गेलेले पेशंट आले होते, एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

आता तिला एकच औषध आहे, पोटातल्या घावाचं, ठरावीक आठवड्यांचं, आणि ते कधी बंद करायचं ती तारीख डॉक्टरांनी पाकिटावर स्वतः लिहिली आहे. पहिल्या आठवड्यात मी ते टेबलावर ठेवलं तेव्हा तिने पाकीट उचललं, उलटसुलट करून बघितलं, माझ्या वांग्यांना बघायची तसं.

"हे माझंच आहे नं?" तिने विचारलं.

"तुझंच."

"नाई, दूधवाल्याचं असन तर सांगा. मंग त्याले देऊ."

मी पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला.

त्या संध्याकाळी ती दिवाणावर टेकून बसली होती आणि मी खुर्चीत. खिडकीतला कूलर पूर्ण वेगात घरघरत होता. ती काहीतरी बोलली. मी सवयीने हो म्हणालो. मग उठलो आणि कूलर बंद केला. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करणारा माणूस डोक्याने जरा कमी समजला जातो, आणि मिनिटाभरात पाठीवरून घाम उतरायला लागला.

"काहून बंद केला?" ती म्हणाली.

"ऐकू येत नव्हतं. काय म्हणत होतीस वं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. घरात एकदम शांत झालं होतं, रस्त्यावरची सायकलची घंटीसुद्धा ऐकू येत होती. मग तिने पाय दिवाणावर नीट घेतले आणि सांगायला सुरुवात केली. त्या होळीच्या आधीपासून. कुठल्या दिवशी काय दुखलं, कुठल्या दिवशी चक्कर आली, कुठल्या दिवशी मी जेवताना मास्तरांच्या पोटाबद्दल सांगत होतो आणि तिला घास उतरत नव्हता. एकेक दिवस तिच्या लक्षात होता. मी मध्ये बोललो नाही. तासभर ती सांगत होती आणि माझा सदरा भिजून गेला होता, दवाखान्याच्या लाइनीतून आल्यावर भिजायचा तसाच. तिचं सांगून झालं तेव्हा ती उठली आणि माझ्यासाठी पन्हं घेऊन आली.